ओल्या आंब्याचे करंडे आणि 1,800 रुपयांचा जुना मायक्रोवेव्ह

सूनबाईची पहिली संक्रांत. प्लॅस्टिकच्या टोपल्या लुटायच्या नाहीत, असं तिनं ठरवलेलं. "बाबा, लेथवर हळदीकुंकवाचे करंडे करून द्याल? पंचवीस?" मी सातपूरला तीस वर्षं टर्नर होतो, पण सगळं लोखंड. लाकूड कातायचा नाद निवृत्तीनंतरचा. तरी हो म्हणून बसलो.

लाकूड होतं ते नोव्हेंबरच्या अवकाळीत मखमलाबादला मेहुण्याच्या मळ्यात पडलेली मांडीएवढी जाड आंब्याची फांदी. इतकी ओली, की पटाशी लावली की पाणी चष्म्यावर उडायचं. असं लाकूड वाळवायला इंचभर जाडीला वर्षभर सावलीत, हा वखारीतला जुना हिशोब. भट्टीत वाळवून देणाऱ्या एकाला विचारलं, तर म्हणाला गाडीभर माल असेल तर या. शेवटी दुरुस्तीच्या दुकानातून वीस लिटरचा जुना मायक्रोवेव्ह 1,800 रुपयांना उचलला. हा अभिप्राय त्याचाच.

पहिल्याच दिवशी मी आगाऊपणा केला. एक करंडा फुल पॉवरवर तीन मिनिटं ठेवला. बाहेरून कोरा करकरीत दिसत होता, बुडातून मात्र धूर. कापून पाहिला तर आतून कोळसा. आतलं पाणी तापून वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, की लाकूड फाटतं नाहीतर जळतं.

मग शिस्तीत घेतलं. फांदी गाभ्यातून उभी चिरून गाभा काढून टाकला, कारण चीर तिथूनच सुरू होते. करंडे तीन इंच व्यासाचे, भिंत नऊ मिलिमीटर जाड ठेवून कच्चे कातले. डिफ्रॉस्टवर एक मिनिट, मग वर्तमानपत्रात गुंडाळून पूर्ण गार होईपर्यंत विश्रांती, मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. एक करंडा 128 ग्रॅमचा होता. बारा फेऱ्यांनंतर 82 वर आला आणि तिथेच थांबला. वजन उतरायचं थांबलं की झालं. सुया टोचायचं ओलावामापक यंत्रही घेतलं होतं, पण ते वरवरचंच सांगतं. त्याचे पैसे वाया गेले म्हणा. गंमत म्हणजे आठवडाभर कपाटावर ठेवल्यावर तोच करंडा 86 ग्रॅम भरला. हवेतला ओलावा परत घेतो. म्हणून ओव्हनमधून काढून लगेच झाकण बसवायला जाऊ नका.

वाळल्यावर एकही गोल राहिला नाही, सगळे अंडाकृती. लाकूड खोडातल्या गोल वलयांना धरून जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. जाड भिंत ठेवायची ती याचसाठी. दुसऱ्यांदा कातून गोल केले.

तक्रारी आहेत. एका वेळी तीनच मावतात, आणि समोरून हलता येत नाही, पेट घेऊ शकतं. वास असा, की हिनं ओव्हन पहिल्याच दिवशी गच्चीवर धाडला. त्यात पुन्हा अन्न गरम करायचं नावही काढू नका. सवड असेल तर कच्चा करंडा कागदी पिशवीत, त्याच्याच ओल्या ढलप्यांत पुरून दोन-तीन महिने विसरून जावा. फुकटात होतं आणि चिरा कमी पडतात. मला सवड नव्हती.

पंचविसातले एकवीस झाले, तेही संक्रांतीला नाही. पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यानं लाज राखली. आतून मेण दोनदा लावलं, नाहीतर कुंकू लाकडात उतरतं.

एक करंडा मी टीव्हीजवळ ठेवलाय. जुलैत त्याचं झाकण असं आवळलं, की सूनबाईला टेबलावर आपटून उघडावं लागलं. दिवाळीत आपसूक सैल झालं. पुढच्या खेपेला झाकणाला केसभर जागा जास्त ठेवणार आहे.