प्लायवूडची फिश टँक: 25 महिन्यांनंतर, आणि मधे एकदा करवत चालवल्यानंतर

आधी आकडे सांगतो. पहिला डबा 8 फूट लांब, 3 फूट रुंद, अडीच फूट उंच. जानेवारी 2023 मध्ये पाणी भरलं. मार्च 2024 मध्ये त्याची उजवी बाजू कापून 4 फुटांचा दुसरा डबा जोडला. आता एकूण लांबी 12 फूट, पाणी 2,100 लिटरच्या आसपास. घर कराडला, तळमजला, मागच्या पडवीची बंद केलेली खोली. वरच्या मजल्यावर असा प्रकार करू नये. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण 200 किलोचा भार धरतात आणि या टाकीचं नुसतं पाणीच सहाशेच्या पुढे जातं.

हे सगळं सुरू झालं मुलीच्या हट्टापायी. दुकानातून ‘शार्क’ म्हणून दोन इंचांची दोन पिल्लं आणली. तो शार्क नाही, पंगस आहे. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो ताटात येतो, तोच. चार फुटांपर्यंत वाढतो हे दुकानदार सांगत नाही. वर्षभरात तीन फुटी टाकीत त्यांना वळता येईना. आठ फुटी काचेच्या टाकीचं कोटेशन घेतलं तर 95 हजार, शिवाय वाहतूक आणि फुटली तर आमची जबाबदारी. माझी प्लायवूडची पहिली टाकी पंप-फिल्टर सोडून 43 हजारांत झाली. त्यातले तीन-साडेतीन हजार केवळ चुकांचे.

प्लाय घेताना आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेलं 19 मिलिमीटरचं घेतलं, आठ बाय चारच्या तीन शीट. ‘मरीन’ या शब्दावर लोक फार विसंबतात. 72 तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते ती थरांमधल्या गोंदाची. थर सुटत नाहीत, पण लाकूड ते लाकूडच. पाणी लागलं की पिणार, फुगणार, काळं पडणार. म्हणजे टाकी टिकते ती वरच्या लेपावर. प्लाय फक्त ताकद देतं.

ताकद किती लागते तेही बघा. 27 इंच पाण्याला आठ फुटी मागच्या भिंतीवर साधारण साडेपाचशे किलोचा रेटा येतो. टाकी लांब केली म्हणून इंचाइंचावरचा दाब वाढत नाही, उंच केली की वाढतो. उंची दुप्पट केली तर भिंतीवरचा एकूण रेटा चौपट. म्हणून मी रुंदीला सढळ राहिलो, उंचीला कंजूष. वरून चारही बाजूंनी सहा इंची पट्टी आणि मधे दोन आडव्या पट्ट्या टाकल्या. तरी पाणी भरल्यावर मागची भिंत मधोमध 5 मिलिमीटर बाहेर आली. दोन टोकांना दोरी ताणून मोजली होती. 25 महिन्यांनी मोजली, अजून 5च आहे. सुताराचं म्हणणं होतं, ‘साहेब, हे कपाट नाय, धरण बांधताय.’ बरोबरच होतं.

समोरची काच 12 मिलिमीटरची, साधारण 46 किलो. ती चौकटीच्या आतून बसवलेली आहे, त्यामुळे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. सिलिकॉन फक्त गळती थांबवायला. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं औषध माशांना मारतं.

आता इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा तो लेप. पहिल्या दिवशी उत्साहात एक किलो एकदम कालवलं, आइस्क्रीमच्या डब्यात. दहा मिनिटांत डबा हातात धरवेना, मग धूर, मग डबाच बसला. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते आणि खोल भांड्यात ती कोंडते. दोनशे-तीनशे ग्रॅम कालवायचं आणि लगेच पसरट ताटात ओतायचं. दुसरी चूक लेपात बसवायच्या फायबरग्लासची. दुकानदाराने तुटक धाग्यांची मॅट दिली. ती पॉलिस्टर रेझिनसाठी असते. तिच्यातला चिकटा इपॉक्सीत विरघळत नाही आणि कोपऱ्यात मॅट ताठ उभी राहते. विणलेलं कापड आणलं तेव्हा कोपरे गुळगुळीत बसले. एक युक्ती मात्र कामाची निघाली. एक हात काळ्या रंगाचा, पुढचा करड्या रंगाचा द्यायचा, म्हणजे राहिलेली जागा लगेच दिसते. टाचणीच्या टोकाएवढी एकोणीस छिद्रं मी अशी पकडली. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत वर तेलकट पापुद्रा येतो आणि पुढचा हात धरत नाही.

वापराबद्दल सांगायचं तर पहिलं वर्ष टाकीने त्रास दिला नाही, मी दिला. रात्री तीनला वीज गेली, पंप थांबला आणि परतीच्या पाइपातून पाणी उलटं खालच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, उतरत राहिलं. संप भरून वाहिला. बायको घोटाभर पाण्यात उभी राहून एवढंच म्हणाली, ‘मासे तुमचे, लादी कुणाची?’ सकाळी पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाच मिलिमीटरचं भोक पाडलं. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. पाच पैशांचं काम होतं.

उष्णतेचा फायदा मात्र मी धरलाच नव्हता. काचेच्या मानाने लाकडातून उष्णता कितीतरी कमी जाते. डिसेंबर-जानेवारीत हीटर फार वेळ चालत नाही आणि मे महिन्यात शेजारच्या छोट्या काचेच्या टाकीपेक्षा इथलं पाणी दोन अंश थंड असतं. तोटा म्हणजे फक्त समोरून दिसतं. बाजूने बघायची सवय असेल तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

तर मुख्य गोष्ट. 14 महिन्यांनी पंगस दीड फुटाच्या पुढे गेले आणि मी वाढवायचं ठरवलं. मासे ताडपत्रीच्या तात्पुरत्या हौदात अकरा दिवस. टाकी रिकामी करून, पंखा लावून वाळवली आणि उजव्या भिंतीत 18 बाय 16 इंचांचं भगदाड पाडलं. करवत चालवताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. तुकडा बाहेर आला, उन्हात नेऊन कड बघितली. तेरा थर, सगळे फिकट, कोरडे, नख लागत नव्हतं. आतल्या लेपाने चौदा महिन्यांत थेंब शिरू दिला नव्हता.

मग दोन्ही भिंती एकमेकींना बांधायला बोल्टची भोकं पाडायला घेतली. वरच्या भोकांतून पांढुरका कोरडा भुसा उडत होता. मागच्या बाजूचं सगळ्यात खालचं भोक पाडलं आणि ड्रिलला काळा, ओला, तंतुमय चोथा गुंडाळून आला. वास जुन्या रांजणाखालच्या मातीसारखा. पोटात गोळा आला.

आतून गळती असणार असं वाटलं, पण आतला लेप धड होता. पाणी बाहेरून आलं होतं. तिथेच मी पाणी बदलताना बादली ठेवायचो, पाइप तिथेच ठिबकायचा. बाहेरच्या बाजूला मी नुसता ऑइल पेंट मारला होता आणि प्लायची खालची कड, जिथे थर उघडे असतात, ती ‘कोण बघतंय’ म्हणून तशीच सोडली होती. ठिबकलेलं पाणी कडेने वर शोषलं गेलं आणि स्क्रूच्या भोकाशी साठलं. चौदाशे लिटर आतून काही करू शकले नाहीत आणि बादलीच्या चार थेंबांनी चार इंच लाकूड खाल्लं.

काळं लाकूड पटाशीने उकरलं, 200 वॉटचा दिवा लावून चार दिवस सुकवलं, इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरलं. मग खालची प्रत्येक कड तीन हात इपॉक्सी पाजून बंद केली. ही कड पहिल्याच दिवशी केली असती तर तासाभराचं काम होतं.

जोडाचं काम मला वाटलं त्यापेक्षा वाईट झालं. जुन्या इपॉक्सीवर नवं तसंच धरत नाही. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पुसून, मगच कापड चढवलं. तेवढं ठीक जमलं. चुकलो पायात. दोन डब्यांखालच्या लोखंडी चौकटी मी वेगवेगळ्या ठेवल्या. पाणसळ लावून सारख्या केल्या होत्या, पण भरल्यावर नवी चौकट दोनेक मिलिमीटर बसली आणि तेवीस दिवसांनी जोडाच्या खालच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. गळती म्हणावी अशी नाही, घाम फुटावा तसा पाझर. पुन्हा रिकामी, पुन्हा ताडपत्री, पुन्हा घासणं. यावेळी वेल्डर बोलावून दोन्ही चौकटी एकसंध केल्या आणि जोडावर कापडाचे तीन थर चढवले. वाढीचा एकूण खर्च 31 हजार, त्यात सहा हजार या दुसऱ्या फेरीचे.

बारा फूट एकदम बांधली असती तर? पैसा वाचला असता, जोडही नसता. पण मग ते भोक पाडलं नसतं आणि ती खालची कड आतल्या आत कुजत राहिली असती. कुणी नव्याने बांधणार असेल तर जागा असेल तेवढी एकदाच बांधा आणि लेप बाहेरूनही तितकाच द्या. सहा फुटांच्या आत टाकी हवी असेल तर काचेचीच घ्या. प्लायची एवढी उस्तवार छोट्या टाकीला परवडत नाही.

माशांचं म्हणाल तर पंगस अजूनही दचकले की काचेवर डोकं आपटतात. सोबत पाच टिनफॉइल बार्ब आणि एक ऑस्कर आहे, तो मला ओळखतो असा माझा समज आहे. पंगसांना ही टाकीही कायमची पुरणार नाही, हे मी घरात अजून मोठ्याने बोललेलो नाही.

जोडाच्या खाली टिश्यू पेपरची पट्टी चिकटवून ठेवली आहे. रोज चहाआधी तिला बोट लावून बघतो. आजही कोरडी होती.