एडिसन हिस्टोट्रिप्सी यंत्र: सुईशिवाय यकृताची गाठ फोडणारं तंत्र कुठे चालतं, कुठे अडतं

यकृतातली लहान गाठ सोनोग्राफीत पाहत सुई घालून जाळणं ही आता रुळलेली पद्धत आहे. हिस्टोसॉनिक्स कंपनीच्या एडिसन यंत्रात सुईच नाही. ध्वनिलहरी गाठ दाखवतात आणि ध्वनिलहरीच ती फोडतात; याच तंत्राला हिस्टोट्रिप्सी म्हणतात. कातडीवर छेद नाही, किरणोत्सर्ग नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये यकृतातल्या गाठी नष्ट करण्यासाठी याला मान्यता दिली. तंत्राचा पाया मिशिगन विद्यापीठात घातला गेला. यंत्र उत्तम आहे, पण ते प्रत्येक यकृताला आणि प्रत्येक गाठीला लागू पडत नाही. रुग्ण निवडण्यात चूक झाली तर पुढच्या कौशल्याने ती भरून निघत नाही.

आधी ते काम कसं करतं ते पाहू, कारण पुढच्या सगळ्या मर्यादा त्यातूनच येतात. यंत्र काही मायक्रोसेकंदांचे, अत्यंत तीव्र स्पंद एका बिंदूवर एकवटतं. स्पंदाच्या ऋण टप्प्यात दाब साधारण २५ ते ३० मेगापास्कलपर्यंत गेला की ऊतींमधल्या पाण्यात सूक्ष्म बुडबुड्यांचा ढग तयार होतो. हे बुडबुडे क्षणात फुगतात आणि कोसळतात. त्या धक्क्यांनी पेशी फाटतात आणि मागे पेशीविरहित पातळ लगदा उरतो. दोन स्पंदांमध्ये विश्रांती इतकी मोठी असते की प्रत्यक्ष ध्वनी एकूण वेळाच्या एक टक्क्याहूनही कमी काळ चालू असतो. म्हणून केंद्रबिंदूजवळ उष्णता साचत नाही.

खरा फायदा इथेच आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हच्या सुईने गाठ ६० अंशांच्या वर तापवावी लागते. शेजारी तीन मिलिमीटरहून रुंद रक्तवाहिनी असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवतं आणि वाहिनीलगतच्या पेशी जिवंत राहू शकतात. मायक्रोवेव्हमध्ये हा त्रास कमी होतो, संपत नाही. हिस्टोट्रिप्सीत उष्णताच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आणि पित्तनलिकांच्या भिंतींत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. त्या भिंती यकृताच्या मऊ पेशींपेक्षा या धक्क्यांना जास्त टिकतात. तरीही पित्तनलिकेच्या मुखालगतची गाठ बिनधास्त फोडावी, असा याचा अर्थ मुळीच नाही.

उपचार पूर्ण भूल देऊन, श्वासनळीत नळी घालून आणि स्नायू शिथिल करून होतो. कारण सरळ आहे: साध्या श्वासासोबत यकृत एक-दोन सेंटिमीटर वरखाली सरकतं, आणि बुडबुड्यांचा ढग जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. भूलतज्ज्ञ श्वासाचं प्रमाण कमी आणि एकसारखं ठेवतो. हे जमलं नाही तर कितीही चोख आराखडा वाया जातो. मग पोटावर पातळ पडद्याचं पात्र ठेवून त्यात वायू काढून टाकलेलं पाणी भरतात. पाण्यात विरलेला वायू राहिला तर बुडबुडे केंद्राआधीच तयार होतात आणि लहर वाटेतच विखुरते. पोटावरचे केस काढणं याच कारणासाठी गरजेचं आहे. केसांत अडकलेली हवा अगदी हाच घोळ घालते. ही तयारी कंटाळवाणी वाटते, पण घाईत नेमकी इथेच चूक होते.

यंत्राच्या हाताला बसवलेल्या डोक्यात उपचाराचा ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा भाग) असतो आणि मधोमध चित्र दाखवणारा प्रोब. पडद्यावर गाठीभोवती सीमा आखतात, बाहेर साधारण पाच मिलिमीटरची सुरक्षित कड धरतात. नंतर आराखड्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणी चाचणीचे स्पंद देऊन कुठे किती शक्तीवर ढग उठतो ते पाहतात. खोल बाजूला आणि बरगडीच्या सावलीत जास्त शक्ती लागते. ही पायरी उरकून टाकली तर गाठीचा मध्य छान फुटतो आणि कड अर्धवट राहते. उरलेला कर्करोग पुन्हा वाढतो तो सहसा कडेतूनच. चाचणी पटली की यंत्र आराखड्याप्रमाणे बिंदूबिंदूने पुढे सरकतं. चमचमणारा ढग पडद्यावर लगोलग दिसतो आणि फुटलेला भाग हळूहळू गडद होत जातो. इतक्या स्पष्टपणे काम दिसणं ही या यंत्राची सर्वात मोठी जमेची बाजू आहे. सुईच्या पद्धतीत तापलेल्या वायूचा धूसरपणा चित्र झाकून टाकतो, इथे तसं होत नाही.

अडचणी मुख्यतः वाटेतल्या असतात. गाठीपर्यंत ध्वनीला रस्ता हवा. बरगड्या लहरीचा मोठा भाग अडवतात, आतड्यातला वायू तर जवळजवळ सगळीच परतवतो. यकृताच्या घुमटाजवळ, फुप्फुसाच्या आड असलेली गाठ म्हणूनच अवघड जाते. चरबी साठलेल्या यकृतात लहर वाटेतच क्षीण होते, जाड पोटात गाठ पल्ल्याबाहेर जाते. सिऱ्होसिसमुळे (यकृत आक्रसून कडक होण्याचा आजार) गाठीगाठींचं झालेल्या यकृतात नेमकी कर्करोगाची गाठ कोणती, हे साध्या सोनोग्राफीत ओळखूच येत नाही असंही होतं. दिसत नसलेल्या गाठीवर नेम धरता येत नाही. म्हणून उपचार ठरवण्याआधी त्याच बाजूने, त्याच स्थितीत झोपवून सोनोग्राफी करून विंडो, म्हणजे गाठीपर्यंतचा ध्वनीचा रस्ता, तपासून घ्यायलाच हवी. फक्त सीटीच्या फिल्मवर होकार मिळाला असेल तर तो पुरेसा मानू नये. वरच्या शक्तीवर दीर्घकाळ काम चाललं तर वाटेतल्या स्नायूंना आणि बरगड्यांना ऊब लागते, त्यासाठी मध्ये थांबे घ्यावे लागतात.

आकड्यांकडे येऊ. होप फॉर लिव्हर या अमेरिका आणि युरोपातल्या चाचणीत ४४ रुग्ण होते. प्रत्येकी तीन गाठींपर्यंत आणि तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर उपचार झाले. ठरवलेला भाग ठरल्याप्रमाणे फोडण्यात ९५ टक्के यश आलं, गंभीर गुंतागुंत ७ टक्क्यांत झाली. नव्या यंत्रासाठी हे दमदार आकडे आहेत. पण मान्यतेचा मजकूर नीट वाचावा: एफडीएने यंत्राला गाठीची ऊती नष्ट करण्यासाठी परवानगी दिली आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी, गाठ परत येण्याच्या प्रमाणासाठी किंवा आयुष्य वाढण्यासाठी त्याचं मूल्यमापन केलेलं नाही. गाठ फोडली म्हणजे रुग्ण बरा झाला, असं कोणी सांगितलं तर त्याला हाच मजकूर दाखवा. शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊन दूरच्या गाठीही आकसतात, असा दावाही ऐकू येतो. त्यावर भरवसा ठेवून औषधं थांबवू नका.

तीन सेंटिमीटरच्या आतली, सुई सहज पोहोचेल अशी आणि मोठ्या वाहिनीपासून दूर असलेली गाठ असेल तर आमचा कल अजूनही मायक्रोवेव्हकडे आहे. त्यामागे वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. हिस्टोट्रिप्सीचं पारडं जड होतं ते वाहिनीला चिकटलेल्या गाठीत, सुईने रक्तस्राव किंवा सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची धास्ती असते तिथे, आणि शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णात. हायफू हे जुनं भावंड ध्वनी वापरूनच तापवतं, त्यामुळे बरगड्या आणि कातडी भाजण्याचा धोका त्यात राहतो. दोन्ही एकच समजू नयेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती कधी आणि कशी थांबवायची हे आधी ठरवून घ्या. ती न थांबवता उपचार करणं योग्य नाही.

नंतरचे दिवस बहुतेक वेळा सोपे जातात. पोटाच्या भिंतीत दुखतं, थोडा ताप येतो, यकृताची एन्झाइम्स काही दिवस वाढलेली राहतात. ताप टिकून राहिला, थंडी वाजली किंवा कावीळ दिसली तर थांबू नका, जंतुसंसर्ग किंवा पोर्टल शिरेतली (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतली) गुठळी शोधावी लागते. पहिल्या एक-दोन दिवसांत काँट्रास्टसह (शिरेतून दिलेल्या, चित्रात उजळ दिसणाऱ्या द्रव्यासह) एमआरआय किंवा सीटी व्हायला हवा. उपचाराचा खड्डा मूळ गाठीहून मोठा दिसला पाहिजे आणि आत काँट्रास्ट शिरता कामा नये. भोवती पातळ, एकसारखी उजळ कड सुरुवातीला दिसते ती सूज असते. एका बाजूला जाड, गाठाळ उजळपणा दिसला तर मात्र तिथे गाठ उरल्याचा संशय घ्यावा. लगदा शरीर एक-दोन महिन्यांत शोषून घेतं आणि खड्डा आकसतो. नंतरच्या स्कॅनची तुलना उपचारानंतरच्या पहिल्या स्कॅनशी व्हावी म्हणून ती फिल्म आणि अहवाल स्वतःजवळ ठेवा.