प्लेनर मॅग्नेटिक स्पीकर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

या स्पीकरची जोडी घेऊन आता अकरा महिने झाले. रोज साधारण दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून अधिक, असा वापर आहे. पहिल्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर तो निव्वळ आवाजाच्या कौतुकाचा झाला असता, आणि त्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य झाला असता. मात्र या स्पीकरचा खरा कस आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याच्या ताणात आणि पडद्यावर धातूची पट्टी धरून ठेवणाऱ्या गोंदात लागतो, हे कळायला सात महिने जावे लागले. माहितीपत्रकात चुंबकाबद्दल पुष्कळ लिहिलेले असते. या दोन गोष्टींबद्दल एक ओळही नसते.

नेहमीच्या स्पीकरमध्ये कोनच्या मध्यभागी बसवलेली कॉइल कोनला ढकलते. येथे तीच कॉइल जणू उलगडून सपाट केलेली असते. माझ्या जोडीत 12 मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टरच्या पडद्यावर ॲल्युमिनियमची पट्टी नागमोडी चिकटवलेली आहे आणि पडद्याच्या मागे फेराइट चुंबकांच्या दांड्या एकाआड एक उलट ध्रुव करून बसवलेल्या आहेत. पट्टीतून वीज वाहिली की जवळजवळ सगळा पडदा एकाच वेळी पुढेमागे होतो. त्याचा परिणाम ऐकूनच पटतो: गायकाने शब्द उच्चारण्यापूर्वी घेतलेला श्वास, किंवा पियानोची पट्टी सोडल्यावर दाबक तारेवर परत टेकतो तो हलका स्पर्श, हे सारे कोणताही प्रयत्न न करता ऐकू येते. विद्युतरोधही सगळ्या स्वरांवर जवळजवळ सपाट, 4 ओहमच्या आसपास राहतो. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा आवाज निघतो ते माप, पत्रकात 86 डेसिबल दिली आहे. पण तो आकडा 2.83 व्होल्टचा आहे, आणि 4 ओहमवर तेवढ्या व्होल्टला 2 वॅट खर्च होतात. म्हणजे 1 वॅटला 83 डेसिबलच धरावे आणि ॲम्प्लिफायर त्या हिशेबाने निवडावा.

सातव्या महिन्यात चेलोच्या एका खालच्या सुरावर उजव्या स्पीकरमधून कागद थरथरल्यासारखा आवाज येऊ लागला. मी ॲम्प्लिफायर बदलून पाहिला, वायरी बदलल्या, शेवटी एकाच कंपनसंख्येचा साधा स्वर हळूहळू चढवत नेला, तेव्हा 90 हर्ट्झच्या जवळपास थरथर नेमकी सापडली. समोरचे कापड काढून तिरपा प्रकाश टाकला, तर पट्टीचा सुमारे चार बोटे लांबीचा तुकडा पडद्यापासून सुटून केसाएवढा वर उचललेला दिसला. या स्पीकरची पाठ खिडकीकडे आहे आणि दुपारचे ऊन थेट तिच्यावर येते. अतिनील किरणांनी गोंदही ठिसूळ होतो आणि पॉलिएस्टरही. डाव्या स्पीकरवर ऊन पडत नाही आणि त्याची पट्टी आजही घट्ट आहे, म्हणून कारण तेच असावे असे मी मानतो. सुकल्यावरही लवचीक राहणारा गोंद बारीक कुंचल्याने अगदी पातळ लावून मी ती पट्टी परत बसवली. येथे हात आखडता घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण जादा गोंदाचे वजन अशा पडद्याला लगेच जाणवते.

या दुरुस्तीनंतर मी निर्मितीच्या बाजूने विचार करू लागलो. तार किंवा पट्टी गोंदाने चिकटवण्याची पद्धत या क्षेत्राइतकीच जुनी आहे; जिम वाइनी यांनी 1969 मध्ये मॅग्नेपॅन सुरू केली तेव्हाच्या रचनेतही पातळ फिल्मवर तार चिकटवलेली असे. दुसरा मार्ग लवचीक सर्किट बोर्डासारखा आहे: फिल्मवर ॲल्युमिनियमचा अखंड पत्रा आधीच दाबून बसवायचा आणि नको असलेला भाग रसायनाने खोदून काढायचा. त्यात चिकटवण हाताच्या कौशल्यावर अवलंबून राहत नाही, सगळे नग सारखे निघतात आणि पट्टीची रुंदी हवी तिथे बदलता येते. पण मोठ्या आकाराच्या पडद्यासाठी तेवढी मोठी यंत्रणा लागते, म्हणून लहान पडद्यांत ही पद्धत सहज परवडते आणि माणसाच्या उंचीच्या पडद्यात महाग पडते. तांबे वापरले तर जोड सोपे होतात, परंतु तेवढ्याच रोधासाठी ॲल्युमिनियमचे वजन तांब्याच्या निम्मे भरते. हा फायदा सोडवत नाही, मग त्याच्यासोबत ॲल्युमिनियमला डाख नीट न धरण्याची अडचणही पत्करावी लागते.

चुंबक एकाच बाजूला असले की पडदा त्यांच्याजवळ जाताना क्षेत्र वाढते आणि दूर जाताना घटते. मोठ्या आवाजात खालचे स्वर किंचित जड होतात ते यामुळे. दोन्ही बाजूंना चुंबक लावल्यास ही विषमता बरीचशी मिटते. मात्र त्या रचनेत समोरासमोरचे ध्रुव सजातीय असतात, दोन्ही चौकटी एकमेकींना सतत दूर ढकलत राहतात, आणि पुरेशी जाड पोलादी चौकट नसेल तर ती मध्यभागी फुगते व अंतर बदलते. शिवाय पुढच्या दांड्यांमधल्या फटींतून आवाज बाहेर पडताना उच्च स्वरांवर त्या फटींचा ठसा उमटतो. निओडिमियम या दुसऱ्या प्रकारच्या चुंबकाचे क्षेत्र फेराइटच्या सुमारे तिप्पट असल्याने दांड्या बारीक आणि फटी रुंद ठेवता येतात. पण तो गंजतो, म्हणून त्याला मुलामा लागतो, आणि त्याचे साधे प्रकार 80 अंश सेल्सिअसच्या वर टिकत नाहीत. माझ्या मते लहान, वरच्या स्वरांच्या पडद्याला निओडिमियम दोन्ही बाजूंनी द्यावे आणि मोठ्या पडद्याला एका बाजूचे फेराइट पुरे. वाचलेला पैसा चौकटीत घालावा.

ताणाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मायक्रोफोन पडद्याजवळ धरून मूळ अनुनाद, म्हणजे पडदा ज्या कंपनसंख्येला सहज सर्वाधिक हलतो ती, मोजला होता: दोन्ही बाजूंना 48 हर्ट्झ. दहाव्या महिन्यात डावा 46 आणि उजवा 43 निघाला. पडद्याचा अनुनाद ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, तेव्हा डाव्याचा ताण सुमारे 8 टक्क्यांनी आणि उजव्याचा तब्बल 20 टक्क्यांनी उतरला आहे. पॉलिएस्टर सतत ताणाखाली हळूहळू सैल होतोच. फिल्म चौकटीवर बसवण्याआधी ताणून, उबेत ठेवून तिला मुरू दिले, तर यातली बरीच घट कारखान्यातच होऊन जाते. पण तेवढा वेळ जागा अडते आणि माल तयार होत नाही, म्हणून हाच टप्पा आखडला जातो. माझ्या जोडीत पडदा चौकटीला कायमचा चिकटवलेला आहे, त्यामुळे परत ताणणे शक्य नाही. कडेला स्क्रूने आवळायची पट्टी दिली असती, तर वजन व जुळणीचे काम वाढले असते, पण हा स्पीकर दुरुस्तीयोग्य राहिला असता.

अगदी खालच्या स्वरांची अपेक्षा येथे ठेवू नये. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि प्रत्येक सप्तक खाली जाताना तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हालचाल करावी लागते; चुंबकापर्यंतचे अंतर मात्र तेवढेच राहते. ते अंतर वाढवावे तर संवेदनशीलता जाते. भिंतीपासून मीटरभर पुढे ओढल्यावर आवाज मोकळा झाला आणि मी फक्त खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर, जोडला.

खिडकीला आता जाड पडदा आहे. दुरुस्त केलेली पट्टी चार महिने घट्ट धरून आहे, चेलोचा तो सूर स्वच्छ वाजतो, आणि दर महिन्याला दोन्ही बाजूंचा अनुनाद मोजून मी वहीत लिहून ठेवतो. गेल्या वेळी उजवा 43 वरच होता.