दगड लाकडावर बसवावा की वाळूत?

दगड मिळाला, घासून धुऊन झाला, त्याची पुढची बाजू कोणती हेही ठरलं. आता तो ठेवायचा कशावर? सुइसेकीच्या, म्हणजे निसर्गात सापडलेले देखणे दगड घरात मांडून बघण्याच्या जपानी कलेच्या नादाला लागलेला प्रत्येक जण इथे येऊन अडतो. एकीकडे दगडाच्या तळाबरहुकूम कोरलेलं लाकडी आसन, म्हणजे दाइझा. दुसरीकडे वाळू पसरलेलं उथळ तबक, म्हणजे सुइबान. ओसाकाला राहायला आल्यापासून मी दोन्ही वापरतोय. माझं मन एका बाजूला झुकलंय, पण म्हणून दुसरी बाजू लेचीपेची आहे असं मुळीच नाही.

दाइझाचं चांगलं काम एकदा हातात घेऊन पाहावंच. कारागीर दगडाच्या तळाला खडू किंवा शाई लावतो, दगड लाकडावर टेकवतो, जिथे डाग उमटेल तिथे पटाशी चालवतो आणि पुन्हा टेकवतो. दगड हाताने ढकलूनही डुगडुगेनासा होईपर्यंत हे चालू राहतं. बाहेरची कड दगडाच्या वळणावळणाने जाते, आणि पाय दगडाचा भार जिथे उतरतो त्याच जागी दिलेले असतात. लाकूड अक्रोडाचं, करीनचं किंवा आपल्या शिसवीच्या जातकुळीतलं शितान. असा दगड कपाटावर, खिडकीत, कुठेही ठेवा, घरंदाजच दिसतो.

शिवाय विद्वानांच्या मेजाशी या आसनाचं नातं जुनं आहे. चीनमधल्या ताइहू, लिंगबी इथल्या भोकाभोकांच्या, सुरकुतलेल्या, उभ्या दगडांचं वेड चिनी पंडितांचं. मी फू (१०५१–११०७) हा सुलेखनकार तर एका दगडाला रीतसर नमस्कार घालायचा, अशी आख्यायिका आहे. ते दगड कोरीव लाकडावर उभे राहायचे, आणि जपानच्या एदो काळात (१६०३–१८६८) क्योतो-ओसाकाच्या साहित्यिक-चित्रकार मंडळींनी, म्हणजे बुन्जिनांनी, सेन्चा चहाच्या बैठकींबरोबर ही आवडही आपलीशी केली. राय सान्यो (१७८०–१८३२) हा इतिहासकार-कवी त्यांच्यातलाच. त्याने १८२८ मध्ये क्योतोतल्या कामो नदीच्या काठावर बांधलेली अभ्यासिका अजून उभी आहे. तुमचा दगडही लिहिण्याच्या मेजावर, ब्रश आणि शाईच्या शेजारी राहणार असेल, तर दाइझा घ्या. कागदाजवळ वाळूचं तबक नकोच.

जपानी नजर मात्र हळूहळू आडव्या, बुटक्या दगडांवर स्थिरावली. सम्राट गो-दाइगोच्या (१२८८–१३३९) मालकीचा मानला जाणारा ‘युमे नो उकिहाशी’ नावाचा दगड नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे. जेमतेम फूटभर लांबीचा, साधा, काळसर. त्यात भोकं नाहीत, चमत्कृती नाही. दूरच्या डोंगराची एक शांत रेघ, बस्स. अशा दगडाला लाकडाची कड मिळाली की डोळा त्या कडेपाशी अडतो. वाळूत तोच डोंगर जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो.

पण माझ्यापुरता निकाल लागला तो पाण्यावरून. कामो नदीचे ते गडद काळे दगड कोरडे असताना अर्धेच दिसतात. फवारा मारला की काळा रंग खोल जातो, आणि खरी मजा त्यानंतरची असते: शिखर आधी सुकून राखाडी होतं, उतारावर ओलीची रेघ खाली सरकत जाते, खोबणी मात्र शेवटपर्यंत काळ्याच राहतात. पावसाची सर ओसरल्यावर सह्याद्रीचे कडे असेच वरून फिकट होत येतात.

दाइझावर हे बसल्या जागी करता येत नाही. पाणी ओघळून कडेच्या आत साचतं, लाकडावर पांढरट डाग धरतात. म्हणून दगड उचलायचा, न्हाणीघरात न्यायचा, भिजवायचा, तळ पुसून कोरडा करायचा आणि परत बसवायचा. तो बसतोही एकाच पद्धतीने, केसभर इकडे-तिकडे झाला तरी अडतो. दगड जड असेल तर नेमका शेवटच्या क्षणी बोटं कडेत चिमटतात. त्यात त्सुयूच्या पावसाळी दिवसांत लाकूड फुगतं आणि हिवाळ्यात हीटरने आकसतं. हे सगळं रोज कोण करणार? माझे दाइझावरचे दगड कोरडेच राहू लागले, आणि कोरड्या दगडाकडे बघणंही कमी झालं. सुइबानमधल्या दगडावर मी सकाळी जाता-जाता फवारा मारतो. पाणी वाळूत उतरतं, काम झालं.

सुइबानच्याही कटकटी आहेत. वाळू सपाट करायला हात बसावा लागतो, ओल्या तळाला कण चिकटतात, घरात मांजर असेल तर विषयच संपला. पुण्यात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी फवाऱ्यात गाळणीचं, आरओचं पाणी घ्यावं, नाहीतर दगडावर क्षारांची पांढरी रेघ बसते आणि ती सहज निघत नाही. पण या कटकटींच्या बदल्यात दगड हलवता येतो. तो मधोमध ठेवत नाहीत. उतार ज्या बाजूला लांबत जातो तिकडे जास्त वाळू मोकळी सोडतात. आज दोन बोटं डावीकडे, उद्या किंचित वळवून, असं करता-करता दगडाची पुढची बाजूसुद्धा कधीकधी बदलते. शिवाय एका सुइबानवर आलटूनपालटून कितीतरी दगड ठेवता येतात. दाइझा मात्र ज्याचा त्याचाच.

काही दगडांना पर्याय नाही, हेही खरं. गिफूच्या नेओ खोऱ्यातले शेवंतीच्या नक्षीचे दगड, सादो बेटाचा लाल आकादामा, माणसासारखे किंवा प्राण्यासारखे उभे दगड, तळ गोल असलेले दगड, या सगळ्यांना दाइझाच हवा. वाळूत ते कलतात किंवा उगाच हरवल्यासारखे दिसतात. खालून कापलेला तळ दोन्हीत झाकला जातो, तेव्हा त्या मुद्द्यावर कोणतीच बाजू वरचढ नाही.

तुमचा पहिला दगड आडवा, डोंगराच्या घाटाचा असेल, तर माझ्या मते आधी सुइबान घ्यावा आणि दाइझा कोरून घेण्याचा खर्च थोडा पुढे ढकलावा. दगडाच्या साधारण दुप्पट लांबीचा, मंद रंगाचा, नक्षी नसलेला बघा. कान्साईत, म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागात असाल तर क्योतोच्या तो-जी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला भरणाऱ्या बाजारात जुने सुइबान मिळू शकतात. घेताना उलटा करून तळाला भोक नाही ना ते तपासा, कारण बोन्सायच्या उथळ कुंड्याही त्याच ढिगात असतात.