विभागीय दृश्यकला संस्थेचं सभासदत्व: प्रेस उत्तम, कॅटलॉग रामभरोसे

मी छापचित्रं करते. एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि दाबाने कागदावर छाप घ्यायचा) जास्त, मधूनमधून वुडकट (लाकडावर कोरून घेतलेला छाप). पोटापाण्याचं काम हिशेबाचं, त्यामुळे चित्रांच्या वाट्याला संध्याकाळी आणि सुट्ट्या येतात. आमच्या विभागाच्या दृश्यकला संस्थेची मी बरीच वर्षं सभासद आहे. नवे चित्रकार भेटले की हमखास विचारतात, "वर्गणी भरून मिळतं काय?" दरवेळी तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

मिळतो तो प्रेस. कागद, शाई, तांब्याची प्लेट हे सगळं घरी आणता येतं. एचिंग प्रेसचं धूड आणता येत नाही. आणलं तरी खालच्या मजल्यावरचे राहू देणार नाहीत. कलाशाळा सुटली की बहुतेकांची छापचित्रं तिथेच थांबतात, कारण हातात कसब असतं, प्लेट असते, दाब द्यायला यंत्र नसतं. संस्थेकडे गिअरचा दणकट प्रेस आहे आणि सभासदाला तो तासाच्या हिशेबाने मिळतो. बाकी काहीही नसतं तरी मी एवढ्यासाठी वर्गणी भरली असती.

प्रेस सांभाळणारे काका कडक आहेत. कुणाचीही प्लेट प्रेसच्या बेडवर, म्हणजे रुळाखालून सरकणाऱ्या सपाट पाटावर, जाण्याआधी त्यांच्या अंगठ्याखालून जाते. "कडा घासल्यात का, ताई?" हा प्रश्न मला अजूनही चुकलेला नाही. प्लेटच्या चारही कडा कानशीने तिरप्या केल्या नाहीत, तर रुळाच्या दाबाखाली ती धार ओला कागद कापते आणि वरची फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) ब्लँकेटंही. परवा एक मुलगा घाईत होता, दुसऱ्या दिवशी चित्रं द्यायची होती. काकांनी प्लेट हातात घेतली, वळवली आणि त्याच्यासमोर धरून म्हणाले, "फिरव बोट." त्याने कडेवरून अंगठा फिरवला आणि एक शब्द न बोलता कानस उचलली. कागदाला लागणाऱ्या फेल्टमध्ये कागदातली खळ मुरते, ते कडक होतं आणि मग छाप एकसारखा उठत नाही. म्हणून ते ठरलेल्या वाराला धुतलं जातं. भिंतीवर तारखा लिहिलेल्या असतात, सहीसकट.

आम्लाची खोलीही आता सुधारली आहे. पूर्वी जस्ताची प्लेट आणि नायट्रिक आम्ल असायचं. त्यातून निघणारा तपकिरी वायू घशात बसायचा. काही जुने सभासद खोकत खोकत त्या दिवसांच्या आठवणी सांगतात. आता तांबं आणि फेरिक क्लोराइड. त्याचा तसा धूर होत नाही, पण कोरल्या गेलेल्या रेषेत गाळ साचतो आणि रेषा सगळीकडे सारखी खोल जात नाही. संस्थेने त्यासाठी उभी टाकी घेतली, प्लेट तीत लटकवायची, गाळ आपोआप खाली. वापरून झालेलं द्रावण वेगळ्या ड्रममध्ये ओतायचं, बेसिनमध्ये नाही. त्यात प्लेटचं विरघळलेलं तांबं असतं. घरी मोरीत हे उद्योग करणाऱ्यांनी इथे एकदा येऊन बघावं.

दुसरी गोष्ट ऐकायला रुक्ष आहे: कागदपत्रं. चित्र विक्रीला ठेवताना करायच्या कराराचा नमुना संस्था सभासदांना देते. विक्रीची टक्केवारी किती, पैसे किती दिवसांत, चित्र दुसऱ्याच्या ताब्यात असताना नुकसान झालं तर भरपाई कुणाची, न विकलेलं काम कधी आणि कुणाच्या खर्चाने परत, हे सगळं त्यात आहे. चित्र विकलं म्हणून ते कॅलेंडरवर छापायचा हक्क विकला जात नाही, हेही एका कलमात स्पष्ट आहे. सोबत चित्राच्या अवस्थेचा तक्ता: देताना कागद कसा होता, परत घेताना कसा आहे.

हा तक्ता माझ्याकडे आधी असता तर बरं झालं असतं. एका खासगी गॅलरीने माझी चार एचिंग्ज परत केली ती स्वस्त माउंटबोर्डात, म्हणजे चित्राभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्यात. त्या पुठ्ठ्यात चित्रासाठी कापलेल्या खिडकीच्या कडेने कागदावर तपकिरी रेघ उमटलेली, मागून सेलोटेप. गॅलरी म्हणे, आधीपासूनच तशी होती. कशाच्या जोरावर भांडणार? संस्थेत आता आम्लरहित बोर्ड, चित्र बोर्डाला अडकवायला जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरायला शिकवतात. अर्ध्या दिवसाची कार्यशाळा आहे, कंटाळवाणी आहे, चुकवू नका.

आता वार्षिक प्रदर्शन. बहुतेक जण वर्गणी भरतात ते याच्यासाठी आणि ते स्वाभाविकही आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 सालची. तिचं सुवर्णपदक 1937 मध्ये अमृता शेर-गिल यांना मिळालं. असल्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला संस्थेच्या पदकाची ओढ असणारच. पण आमच्याकडे निवड फोटोवरून होते आणि छापचित्राचा त्यात बळी जातो. कागदात दबलेली प्लेटची कड, रेषेवर उठून आलेली शाई फोटोत दिसतच नाही. दिसते ती एक करडी आकृती, आणि शेजारी भडक ॲक्रिलिक. नाकारल्याचं पत्र दोन ओळींचं, कारण शून्य. परीक्षकांवरचा राग जुनाच म्हणा. 1863 मध्ये पॅरिसच्या सलाँने (तिथल्या सरकारी प्रदर्शनाने) नाकारलेल्या चित्रांसाठी नेपोलियन तिसऱ्याने वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं होतं आणि एदुआर माने याचं गवतावरच्या न्याहारीचं गाजलेलं चित्र त्यातच होतं. आमच्या कार्यकारिणीला नाकारलेल्यांसाठी एक भिंत द्या असं सुचवून पाहिलं. विचाराधीन आहे.

मांडणी मात्र मनापासून करतात. कागदावरच्या कामांना 50 लक्सच्या आसपास, म्हणजे मंदच, उजेड, मीटर लावून मोजलेला. छापचित्रांच्या दालनात एक टेबल: शाई भरलेली प्लेट, पुसायचं जाळीचं कापड, भिंग. लोकांना हे पोस्टरासारखं यंत्रातून भराभर निघतं असंच वाटत असतं. प्लेट हातात घेतली, 4/15 म्हणजे पंधरापैकी चौथी प्रत हे कळलं, की माणूस त्याच चित्रासमोर पुन्हा जाऊन उभा राहतो. माझी विक्री झाली ती बहुतेक अशीच, टेबलावरून परत फिरलेल्यांना.

आणि मग कॅटलॉग. आधी उंची, मग रुंदी, हा साधा संकेत. आमच्याकडे कधी तसा, कधी उलटा. छापचित्राला प्लेटचं माप आणि कागदाचं माप वेगळं द्यावं लागतं, ते एकदाही धड आलेलं नाही. गेल्या वेळी माझ्या एचिंगखाली "जलरंग" छापलं होतं. प्रूफ सभासदांना दाखवा, फुकट तपासून देऊ, असं आम्ही तिघी-चौघींनी लेखी कळवलंय. उद्घाटनाच्या भाषणांना जेवढा वेळ देतात त्यातला थोडा इकडे द्यावा.

शाळांमधून कार्यशाळा घेणाऱ्या सभासदांना संस्था मानधन देते. ठरलेलं, वेळेवर, थेट खात्यात. "तुमचं नाव होईल की" हे वाक्य तिथे कुणी ऐकवत नाही, हे लिहिताना मला खरंच बरं वाटतंय.

तैलरंगात काम करणाऱ्यांना, घरी स्टुडिओ असलेल्यांना यातलं निम्मं लागणारही नाही. त्यांनी करारनाम्यापुरतं यावं. छापचित्रवाल्यांनी विचार करू नये, फॉर्म भरावा. प्रेसच्या वेळांची वही महिन्याच्या पहिल्या तारखेला उघडते आणि रविवार सकाळच्या वेळा त्याच दिवशी दुपारपर्यंत भरलेल्या असतात, तेव्हा लवकर जा. कडा घासून जा.