सर्व्हरवर ‘न्यू फोल्डर’ बंद करून आठ महिने झाले

लातूरच्या मार्केट यार्डाजवळ आमचं कर सल्लागाराचं ऑफिस. माणसं ७, सर्व्हर एक. ऐन २० तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या दिवशी, उदगीरच्या एका आडत्याचं अख्खं फोल्डर दिसेना. दीड तासानं एका डाळमिलवाल्याच्या फोल्डरात सापडलं. माउस ओढताना कुणाच्या तरी हातून तिथं पडलं होतं. त्याच रात्री ठरवलं, स्टाफनं फाइल करावी, फोल्डर नाही.

एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीत, हे दोन हक्क वेगळे आहेत. लिनक्सच्या साध्या परवानग्यांत फोल्डरात लिहायची मुभा दिली की दोन्ही आलंच.

आधी मी स्टाफचा डिलीटचा हक्क काढला. चूक झाली. फोल्डर तयार व्हायचं, पण त्याला नाव देता येईना, कारण नाव बदलायलाही डिलीटचाच हक्क लागतो. आठवड्यात ‘न्यू फोल्डर (१४)’पर्यंत मजल गेली.

मग सर्व्हर बसवून देणाऱ्याला बोलावलं. त्यानं परवानग्यांच्या खिडकीतल्या ‘क्रिएट फोल्डर्स / अपेंड डेटा’ या चौकटीवर एव्हरीवनला, म्हणजे सगळ्यांनाच, डिनाय (मनाई) लावलं आणि गेला. सकाळी आल्या आल्या पोरं सांगायला लागली, “दादा, एक्सेल रीड ओन्ली यायलंय!” जुनी एकही फाइल सेव्ह होईना. एव्हरीवनमध्ये ॲडमिनही येतो, त्यामुळे मलासुद्धा फोल्डर करता येईना. फोन केला तर म्हणे, व्हिजिटचे ८०० रुपये. चूक त्याची आणि पैसे मी भरायचे? दिले नाहीत. रात्री स्वतःच बसलो.

सगळी मेख त्या एका चौकटीत आहे. फोल्डरवर तिचा अर्थ ‘आत नवं फोल्डर करणं’, फाइलवर तिचाच अर्थ ‘शेवटी मजकूर जोडणं’. एक्सेल फाइल लिहिण्यासाठी उघडतं तेव्हा हा जोडायचा हक्कही मागतं. तो नाकारला की रीड ओन्ली. म्हणून मनाई कशाला लागू ते ठरवणाऱ्या ‘अप्लाइज टू’मध्ये ‘धिस फोल्डर अँड सबफोल्डर्स’ निवडायचं, फाइल्स वगळायच्या. आणि डिनाय एव्हरीवनवर नाही, स्टाफच्या वेगळ्या ग्रुपवर. एवढं केलं आणि ऑफिस चालू झालं. एवढी मोठी गोष्ट त्या खिडकीत कुठंही लिहिलेली नाही, याचा राग मला अजून आहे.

पोरं वैतागतील असं पहिले दोन महिने वाटायचं. आता माझं मत उलटं झालंय. फोल्डर ओढून दुसऱ्यात टाकणं आणि त्याचं नाव बदलणं, दोन्ही आपोआप बंद झालं, कारण त्यालाही तोच हक्क लागतो. तेव्हापासून एकाही पक्षकाराचं फोल्डर हरवलं नाही. वेगळं सॉफ्टवेअर नाही, एक रुपया खर्च नाही.

स्कॅनर तारखेप्रमाणे फोल्डर करतो, तो अडला. ‘स्कॅन’ फोल्डरवर स्टाफला थेट अलाउ (परवानगी) दिलं. वरून आलेल्या डिनायपेक्षा थेट दिलेलं अलाउ भारी पडतं. नवी कंपनी उघडली की टॅली आकड्याचं फोल्डर स्वतः करतं, म्हणून त्याचा डेटा सर्व्हरवरच्या वेगळ्या शेअरवर (सामायिक फोल्डरात) ठेवला, तिथं ही मनाई नाही.

झिप फाइलचं दुखणं मात्र राहिलंच. सर्व्हरवर ती उलगडत नाही. डेस्कटॉपवर उलगडून आतल्या फाइली हातानं आणाव्या लागतात, आणि रिटर्नच्या आठवड्यात ते फार जड जातं. एप्रिलची वर्षाची नवी फोल्डरं मी ॲडमिन लॉगिननं बॅच फाइल (आज्ञांची यादी) चालवून करतो. १४० पक्षकार, चहा निवायच्या आत.