सोलापुरी चादर, अकरा महिने वापरून: एकशे साठ ग्रॅम गेले कुठे?

चादर चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बराच वेळ मी तिच्यावर चिडलेला दिसेन.

गेल्या ऑगस्टमध्ये बदली होऊन सोलापुरात आलो. नारळी पौर्णिमेचा दिवस होता. पद्मशाली समाजाचा मार्कंडेयाचा रथ निघालेला, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही, वरून पावसाची भुरभुर. म्हणून बाजारातल्या एका दुकानात शिरलो. नाव घेत नाही. साठ बाय नव्वद इंचांची चादर, निळी, मोराची. भाव साडेआठशे. वीस मिनिटं घासाघीस केली आणि साडेआठशेलाच घेतली, वर एक नॅपकिन मिळाला.

घरी आल्यावर वजन केलं. रेल्वेच्या बॅगा लटकवून मोजायचा काटा आमच्याकडे आहे आणि तो घेतल्यापासून मी काहीही मोजतो. एक किलो 520 ग्रॅम. कॅलेंडरच्या पानावर लिहून ठेवलं. बायको म्हणाली, "कशाला?" तेव्हा उत्तर नव्हतं.

दसऱ्याच्या धुण्याला चादर पहिल्यांदा बादलीत पडली आणि उत्तर मिळालं. पाणी निळं झालं ते झालंच, पण हाताला बुळबुळीत लागायला लागलं, भाताच्या पेजेसारखं. तीन पाणी बदलली. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवून काट्याला लावली: एक किलो 360. एकशे साठ ग्रॅम गायब. साडेआठशेच्या हिशेबाने साडेएकोणनव्वद रुपये. म्हणजे मी जवळपास नव्वद रुपयांची खळ विकत घेऊन मोरीत ओतली होती.

दुकानात गेलो. संवाद असा झाला.

"धुतलेला माल बदलून मिळत नाही, साहेब."

"बदलून नकोय. वजन कुठं गेलं ते सांगा."

"चादर नगावर विकतो आपण. किलोवर नाही."

घरी येऊन हे तावातावाने सांगितलं तर बायको म्हणाली, "बरोबरच आहे की त्यांचं." त्या आठवड्यात आमच्या घरात फारसं बोलणं झालं नाही. चादरीला पाचपैकी एक तारा द्यायचं ठरवलं होतं.

नगावर की किलोवर, याचा निकाल लावायला मी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शहर फिरायला लागलो. बँकेत काम करणाऱ्याला तेवढेच शनिवार मिळतात. लोक सोलापूर बघायला येतात ते सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ आणि भुईकोट किल्ला बघून संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मी दोन्ही पाहिले, छान आहेत. इंद्रभुवनही पाहिलं. महापालिकेचं कार्यालय इतक्या नक्षीदार वाड्यात असेल असं वाटलं नव्हतं. घरपट्टी भरायला आलेला माणूसही तिथे मान वर करून छताकडे बघत राहतो. पण माझं काम पूर्व भागात होतं.

पूर्व भाग म्हणजे कानाला कळणारा भाग. अशोक चौकाच्या पुढे गल्लीत वळलं की खटक-खटक सुरू होतं आणि मराठी मागे पडून तेलुगू ऐकू येते. आमच्या घरमालकांचे व्याही याच भागात राहतात. तीस वर्षं यंत्रमाग चालवलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे घरी. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. मी चादर, काटा आणि कॅलेंडरचं पान घेऊन गेलो. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"साहेब, तुम्ही चादर बघूलालाव का तूर मोजूलालाव?"

मग त्यांनी ती उलटी करून पसरली. सुलट बाजूला निळ्यावर पांढरा मोर, उलट बाजूला पांढऱ्यावर निळा. हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत असेल. पण ते म्हणाले, खरी चादर नेहमी उलट बाजूने बघायची. पुढून सगळ्याच मोरांना पिसारा असतो. मागे पिसाऱ्याची कड तुटक दिसली, धागे लोंबत असले, की माल हलका. त्यांनी दशीतला एक धागा काढून काडी लावली. जळक्या कागदाचा वास, मागे भुरभुरीत राख. सुती. पॉलिस्टर असतं तर वितळून टोकाला कडक गोळी झाली असती. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवला जातो ही इथली जुनी तक्रार आहे. 2005 मध्ये चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गिऱ्हाईक चिठ्ठी वाचत नाही आणि दुकानदार वाचून दाखवत नाही. माझी मात्र अस्सल निघाली.

खळीचं विचारलं तर ते हसले. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याला पांजण केल्याशिवाय, म्हणजे खळ लावल्याशिवाय तो मागावर टिकतच नाही. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे धावताना उभे धागे एकमेकांवर घासतात. खळ नसली तर दर मिनिटाला धागा तुटेल आणि माग थांबवून गाठ मारत बसावं लागेल. म्हणजे थोडी खळ ही लबाडी नाही, ती विणायचा भाग आहे. विणून झाल्यावर चादर जाड वाटावी म्हणून वरून चोपडतात ती खळ वेगळी. "तुमच्यात दोन्ही असंल," ते म्हणाले. इथे माझं मत पहिल्यांदा बदललं: एकशे साठपैकी काही ग्रॅम मी दुकानदाराला माफ केले. किती, ते ठरवायचं साधन नव्हतं.

त्यांच्या ओळखीने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक कारखानाही बघितला. माग बघायला गेलो होतो आणि मान वर करूनच उभा राहिलो. मागाच्या डोक्यावर जकार्ड, म्हणजे नक्षी विणवून घेणारं यंत्र, त्यावरून भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ एक-एक घर पुढे सरकत होती. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पत्ता. भोक आहे तिथला उभा धागा उचलला जातो, नाही तिथला खाली राहतो. मोराचा डोळा म्हणजे पत्त्यांवरची काही भोकं. आमच्या बँकेचं सॉफ्टवेअर यापेक्षा जास्त वेळा बंद पडतं. इथल्या गिरणगावाची सुरुवात झाली ती 1877 च्या जुन्या मिलपासून. गिरण्यांच्या भोंग्यांवर शहर उठायचं नि जेवायचं असं जुनी माणसं अजून सांगतात. भोंगे गेले, पण छोट्या शेडमधला खडखडाट तेवढाच मोठा असावा. बाहेर आल्यावर दहा मिनिटं मला कुणाचं काही ऐकू आलं नाही.

निघताना मामांच्या घरच्या अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. चटणीबद्दल थोडक्यात: दाणे, लसूण, तिखट, मीठ कुटत राहायचं ते दाण्याचं स्वतःचं तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये भुगा होतो, चटणी होत नाही. बोटाला तेल लागलं नाही तर पैसे देऊ नका. भाकरीबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे. ज्वारीची, कागदासारखी पातळ, पापडासारखी मोडते, महिनाभर टिकते. माझ्यासारख्याला ही वस्तू फार आवडण्याचं कारण असं की तिच्यात पाण्याचे पैसे नाहीत. मऊ भाकरीत निम्मं पाणी विकत घेतो आपण. डिसेंबरमध्ये बचत गटाच्या बायकांकडून दहा नग घेतले: 430 ग्रॅम. वीस दिवसांनी उरलेल्या पाच मोजल्या: 215. व्यवहार असा असावा. (दह्यात मोडून वर चटणी, एवढंच. डाळीच्या आमटीत भिजवली की मऊ होते आणि मग कडक कशाला घेतली असं होतं.)

आता चादरीच्या वापराबद्दल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला गेलो तेव्हा ती खांद्यावर होती. गार वारा सुटला होता, बाजूला बाराबंदी घातलेले मानकरी कुडकुडत नव्हते आणि मीही नव्हतो. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर गेला की खाली अंथरायला गच्चीवर. एक-दोनदा ओली करून खिडकीत टांगली, खोली दोन तास सुसह्य झाली. रंग दुसऱ्या धुण्यात थोडा गेला, तिसऱ्यापासून नाही. दशा जशाच्या तशा. नव्वद इंचांची लांबी साडेसत्त्याऐंशी झाली, माझे पाय अजून आत राहतात. प्रत्येक धुण्यात मऊ होत गेली आहे. पावसात वाळायला दोन-तीन दिवस लागतात, हा एकच खरा दोष आणि तो एकच मला कधी खटकला नाही. मला खटकत राहिले ते एकशे साठ ग्रॅम.

मग या जुलैमध्ये भाकरी सादळली.

पुन्हा दहा नग आणले होते, डबा नीट लागला नव्हता. आठवड्याने काढल्या तर मोडेनात, वाकायला लागल्या. सवयीने काट्यावर ठेवल्या: आणल्या तेव्हा 430, आता 465. पस्तीस ग्रॅम नुसती हवेतली ओल. मी स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो, मग आत जाऊन कपाटातली चादर काढली. मे महिन्यात धुऊन वाळवून मोजली होती तेव्हा 1360. त्यानंतर पाणी लागलेलं नाही, हाताला कोरडी. काटा म्हणाला 1420.

म्हणजे कापूसही सादळतो. ऑगस्टच्या भुरभुरीत, दाराशी रचलेल्या ढिगातून घेतलेली चादर मी ऑक्टोबरच्या उन्हात वाळवून मोजली आणि फरक सगळा दुकानदाराच्या नावावर मांडला. त्यातले साठ ग्रॅम पावसाळ्याचे होते. खळ शंभर ग्रॅम, फार तर. साडेएकोणनव्वदमधून साडेतेहतीस रुपये वजा करायला हवेत. उरलेले छप्पन अजूनही माझे येणे आहेत.

हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन सांग ना त्यांना." परवा त्या दुकानावरून गेलो. त्यांनी ओळखलं, नोकराला म्हणाले, "वजनवाले साहेब आलेत." मी नॅपकिन चांगला निघाला एवढंच सांगितलं आणि पुढे आलो.

पाचपैकी चार तारे. पाहुण्यांसाठी दुसरी घ्यायची आहे, तिथूनच घेईन, पण मे महिन्यात.